हातातला क्लच

मी मोटारी विकत असे असं सांगितलं की आजची मुलं मला मोठा बोलका, चतुर माणूस समजतात. खरं तर सत्तरच्या दशकात सोलापुरात मोटार विकायला बोलावं लागतच नसे. गिऱ्हाईक येई, नाव नोंदवी आणि मग वर्षानुवर्षं वाट बघे. माझं काम त्याला धीर देण्याचं. लग्नाच्या पंगतीत, भाजीबाजारात, सिनेमाच्या मध्यंतरात कुठंही गाठून माणसं विचारीत, "मोहोळकर, आपला नंबर कुठवर आला?" मी म्हणे, "सरकतोय." चहा पाजणारेही पुष्कळ होते. चहानं नंबर पुढं जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मोटारी होत्या तीनच. नावं घेत नाही, माझ्या वयाच्या वाचकांना ती सांगायची गरज नाही. एक थोरली, तिच्यात अख्खं कुटुंब मावे. एक धाकटी, ती बेताचं पेट्रोल पिई. तिसरी दिसायला देखणी, पण फारशी कुणी घेत नसे. नवी मोटार मिळायला इतका उशीर लागे की वापरलेली मोटार कधीकधी नवीपेक्षा महाग जाई. आजच्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर त्याला मी थापा मारतो असं वाटतं.

त्या मोटारी कुणाच्या मापानं काढल्या होत्या, हा प्रश्न मला नोकरी लागल्यापासून पडलेला. मंद्रूपचे एक बागायतदार सगळं घर घेऊन धाकटी गाडी बघायला आले होते. सगळे आत बसले, हॉर्न वाजवला, काचा खालीवर केल्या. शेवटी त्यांच्या आईनं उतरून निकाल दिला, "दार लई खाली हाय. पदर आडकतोय, डोस्कं आपटतंय. म्हाताऱ्या मानसानं ह्यात बसायचं कसं?" त्यांनी थोरली घेतली ती केवळ दारासाठी. मला वाटे, मोटारीचा आराखडा काढणाऱ्या इंजिनियरच्या डोळ्यासमोर पँट घातलेला, मध्यम उंचीचा, धडधाकट पुरुषच असणार. नऊवारीतली बाई, गुडघे धरलेली आजी किंवा महादेवीअक्का त्यानं कधी पाहिल्याच नसणार.

महादेवीअक्का अक्कलकोटच्या. त्यांच्या वडिलांची, शिवलिंगप्पांची, तुरीची डाळ करायची मिल होती. अप्पांची नजर अधू होत गेली तसा मिलचा सगळा कारभार अक्कांनी हाती घेतला. वय तिशीच्या आसपास, लग्न झालेलं नव्हतं. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, त्यामुळं काखेत कुबडी. त्या आमच्या शोरूमला पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडायला धावलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कुबडीनं दार ढकललं आणि त्या आत आल्या.

"वापरलेली धाकटी गाडी हाय म्हणं तुमच्याकडं."

होती. एका वकिलानं थोरलीचा नंबर लागल्यावर आमच्याकडं सोडलेली, राखाडी रंगाची, नीट ठेवलेली गाडी. मी ती दाखवली आणि सवयीनं विचारलं, "ड्रायव्हर आहे का तुमच्याकडं? नसेल तर एक चांगला माणूस माझ्या पाहण्यात आहे."

"ड्रायव्हर नको. मी चालवणार."

मी त्यांच्या पायाकडं पाहायचं टाळलं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"बघा की पायाकडं, लाजताय कशाला? ड्रायव्हर ठेवला की मी सामान झाले. तो येईल तवा चढायचं, थांबवील तितं उतरायचं. आत्ता दुसऱ्याच्या जीपमधून बाजारात येते, त्यात आन् त्यात फरक काय राहिला?"

इथं थोडं समजावून सांगायला हवं. मोटारीचं इंजिन फिरतच असतं. गिअर बदलायचा किंवा गाडी थांबवायची तर इंजिन आणि चाकं यांची गाठ थोडा वेळ सोडवावी लागते. ते काम क्लच करतो आणि क्लच असतो डाव्या पायाखाली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाचे. अक्कांचा उजवा पाय दणकट होता. अडचण एवढ्या एका पट्टीची होती.

मी आमच्या इमामभाईंना बोलावलं. ते वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते गाडीखाली डोकावले आणि म्हणाले, "क्लच को हात में लाना पडता. होता की नै, करके देखना पडता."

"मग करून बघा की," अक्का म्हणाल्या.

एवढं सोपं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. अक्कांना गाडी कर्जावर घ्यायची होती. अप्पांकडं पैसा होता, पण त्यांची अट होती: ड्रायव्हर ठेवणार असशील तर आज रोख देतो, स्वतः चालवणार असशील तर माझ्याकडून काही मिळणार नाही. म्हणून अक्का मिलमधल्या स्वतःच्या भागीदारीवर बँकेकडं गेल्या. मी सोबत होतो. बँकांचा तेव्हाचा रिवाज असा की ट्रॅक्टर म्हटलं की मॅनेजर खुर्ची पुढं करी, ट्रक म्हटलं की चहा मागवी, आणि स्वतःला बसायची मोटार म्हटलं की चष्मा काढून पुसायला घेई. मोटार म्हणजे चैन. मी गिऱ्हाइकांना पढवून नेत असे की 'हौस' हा शब्द चुकूनही काढू नका. अक्कांना पढवायची गरज पडली नाही. गावोगाव तूर बघायला जावं लागतं, हे त्यांनी नीट मांडलं.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तुमच्या मिलचा व्यवहार मला माहीत आहे. पण गाडी चालवणार कोण, हे कळल्याशिवाय मी वर काय लिहू? लायसन्स आणा, मी सही करतो."

आम्ही आरटीओत गेलो. तिथल्या इन्स्पेक्टर साहेबांनी डॉक्टरांचा दाखला पाहून शिकाऊ परवाना दिला, पण पक्क्याबद्दल स्पष्ट सांगितलं. "तुमच्यासाठी बदल केलेली गाडी घेऊन या. त्याच गाडीवर परीक्षा होईल."

आणि आमचे मालक म्हणाले, "पैसे भरल्याशिवाय गाडीला पाना लावायचा नाही."

म्हणजे कर्जासाठी लायसन्स, लायसन्ससाठी गाडी आणि गाडीसाठी कर्ज. मी अक्कांना म्हटलं, हे काही जमणार नाही. त्या कुबडी टेकत थेट मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग.

"गाडी बिघडली तर मी घेते," त्या मालकांना म्हणाल्या. "न्हाय बिघडली तरी मीच घेते. तुमचं काय जातंय?"

मालकांनी पेपरवेट फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मैदानात काय करायचं ते करा. परीक्षेचा दिवस सोडला तर रस्त्यावर न्यायची नाही. आणि जबाबदारी तुझी." मला ती वाटणी काही पटली नाही, पण मी मान हलवली.

दरम्यान अप्पांची एक सही लागत होती, भागीदार म्हणून. ती घ्यायला मी अक्कलकोटला गेलो. मिलच्या ओसरीवर ते बसले होते, अंगावर डाळीचा बारीक कोंडा. सही त्यांनी लगेच केली. भागीदारीतला हिस्सा मुलीचा आहे, तो तिनं कसाही वापरावा, एवढं त्यांचं सरळ होतं. मी उठायला लागलो तसे म्हणाले, "मोहोळकर, तुमाला मुली हायत का?"

"दोन आहेत."

"चालत्यात न्हवं?"

"हो."

"मग तुमाला न्हाय कळायचं. हिला मी खांद्यावर घिऊन मिरजेच्या दवाखान्यात नेली हाय. आठ-पंधरा दिस तितंच निजायचो, व्हरांड्यात. तवाधरनं माझा हात तिच्या पाठीशी हाय. उद्या रस्त्यात काय झालं तर मला दिसायचंबी न्हाय, धावायलाबी यायचं न्हाय." मग त्यांनी कानडीत 'बेड, बेड' असं दोनदा म्हणून मान हलवली. बेड म्हणजे नको. ते मला उद्देशून नव्हतं.

परत येताना वाटलं, म्हातारा बरोबरच बोलतोय. गाडी विकणाऱ्यानं असा विचार करू नये, पण मी केला. 

इमामभाईंचा पहिला प्रयोग असा: सीटच्या डाव्या बाजूला एक उंच दांडा, तो मागं ओढला की क्लच दबे. काम चोख होतं. फक्त त्या वेळच्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालून डावीकडंच बाहेर आलेला असे. डावा हात क्लचवर असला की गिअर कोण बदलणार? अक्कांनी दोन्ही दांड्यांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, "इमामभाई, मला तिसरा हात बसवून देता का?"

दुसऱ्या खेपेला दांडा उजवीकडं, दारालगत आला. उजव्या हातानं क्लच ओढायचा, डाव्यानं गिअर टाकायचा. मी अक्कांच्या शेजारी बसलो आणि सोलापुरातल्या मोकळ्या होम मैदानावर गाडी निघाली. पहिला गिअर पडला, दुसराही पडला, आणि मग आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं की दोन्ही हात कामात असताना स्टिअरिंग कुणाच्याच हातात नाही. मैदानाच्या कडेला मेंढरं बसली होती. गाडी सावकाश, अगदी शांतपणे त्यांच्याकडं वळली. मी झेप घेऊन स्टिअरिंग धरलं, अक्कांनी ब्रेक दाबला, मेंढरं चहूकडं पांगली. राखणीला बसलेली धनगरीण उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "कुनाचा रेडा सुटलाय ह्यो?"

अक्का इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मला मात्र हसू येत नव्हतं. मालकांचं वाक्य आठवत होतं. मी म्हटलं, "अक्का, आता पुरे करू. तुम्ही हिंमत केली, त्यात सगळं आलं."

त्या उतरून माझ्या स्कूटरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. ती मी मैदानाच्या तोंडाशी लावली होती. तिच्या डाव्या मुठीवरची पट्टी त्यांनी दाबून पाहिली, मूठ फिरवून पाहिली.

"मोहोळकर, तुमचा क्लच कुटं असतो?"

"डाव्या हातात."

"आन् गिअर?"

"डाव्याच हातात. पट्टी दाबायची आणि मूठ फिरवा..." बोलता बोलता मीही मोटारीच्या गिअरच्या दांड्याकडं वळून पाहिलं.

मैदानाच्या कडेला थांबलेले इमामभाई एव्हाना स्कूटरपाशी येऊन उकिडवे बसले होते. ते पट्टी दाबून सोडत होते, दाबून सोडत होते. म्हणाले, "होता. पर बाई, मोटर का क्लच भारी रैता. मांडीका जोर लगता, उंगलीका नै."

अक्कांनी डावा हात पुढं केला. "दाबा."

इमामभाईंनी हात मिळवल्यासारखा तो धरला. कुबडी त्याच हातानं पेललेली, इतकी वर्षं अंगाचा अर्धा भार त्या पंज्यावर. अक्कांनी पंजा आवळला तसा इमामभाईंनी हात सोडवून घेतला आणि बोटं झटकली. "आधा काम हो गया," ते म्हणाले.

उरलेलं अर्धं करायला त्यांना महिनाभर लागला. गिअरच्या दांड्यालाच लागून दुसरी लोखंडी पट्टी, दोन्ही एका मुठीत मावतील अशी. पट्टीला तार, तार खाली एका लांब तरफेला, आणि तरफेचं दुसरं टोक क्लचला. तरफ लांब केली की जोर कमी लागे, पण पट्टी फार दाबावी लागे. आखूड केली की उलट. अक्का दर आठवड्याला येत, दाबून बघत आणि "आनि जरा" किंवा "आता लई मऊ झाली" असं सांगत. इमामभाई न कुरकुरता तरफ कापत, जोडत, पुन्हा कापत. मोटारीचा आराखडा म्हणजे काय ते मी त्या शेडमध्ये शिकलो. बसणारा माणूस समोर उभा होता आणि मोटार त्याच्या मापाला येत होती.

मग अक्का मैदानात शिकल्या. तेव्हा मला कळलं, की हातानं क्लच सोडणं पायापेक्षा हळुवार जमतं. चप्पल घातलेल्या पायाला जे कळत नाही ते बोटांना कळतं. त्यांची गाडी हिसका देईनाशी झाली तेव्हा मी इन्स्पेक्टर साहेबांकडून तारीख घेतली.

परीक्षेला साहेब पुढं बसले, मी मागं. त्यांनी आधी दहा मिनिटं ती पट्टी, तार, तरफ वाकून तपासली. मग सीटवर बसून उजवा हात स्टिअरिंगकडं आणि डावा हँडब्रेककडं ताणून ठेवला, म्हणजे वेळ आली तर गाडी आपणच थांबवू, या बेतानं. शहरातून फिरून आम्ही रेल्वेच्या पुलाच्या चढाला लागलो. तिथं पुढं सुताच्या गाठी लादलेली हातगाडी होती. चढाच्या ऐन मध्यावर हातगाडीवाल्याचा दम संपला. हातगाडी थांबली. अक्कांनाही थांबावं लागलं. मागून एक ट्रक अगदी जवळ येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला.

गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, चढावर थांबलेली गाडी मागं न घसरू देता उचलणं ही खरी परीक्षा. ब्रेक सोडून पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागं येते. मागं ट्रकचं नाक, आमच्या डिकीपासून हातभर लांब. मी मागच्या काचेतून ते नाक बघत होतो आणि मला अप्पांची ओसरी दिसत होती.

हातगाडी हलली. अक्कांनी पट्टी किंचित सोडली, इंजिनचा आवाज जड झाला, गाडी जागेवर ताणल्यासारखी झाली. त्यांनी पाय उचलला. गाडी तसूभरही मागं आली नाही. मग पाय ॲक्सिलरेटरवर गेला आणि आम्ही हातगाडीच्या मागोमाग संथपणे चढ चढलो. त्याच वेळी साहेबांनी ताणलेले दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. ते मी पाहिलं आणि मला कळलं, की लायसन्स झालं.

कचेरीशी परतल्यावर साहेब म्हणाले, "मी जरा बघू का चालवून?" त्यांच्या हाती गाडी दोनदा बंद पडली. त्यांनी हसून किल्ली अक्कांना दिली. "तुमचं तुम्हालाच जमतं हे."

बँकेनं शब्द पाळला. मॅनेजरनं सही केली आणि खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला. आमच्या मालकांनी हार आणला. इमामभाईंनी मजुरी घेतली, पण त्या तरफेची नाही. ती आपण शिकण्यासाठी केली, असं त्यांचं म्हणणं.

गाडीच्या नावबदलाचे कागद तयार झाले तसा मी ते द्यायला अक्कलकोटला गेलो. सकाळची वेळ होती. अक्का मैंदर्गीच्या बाजूला तूर बघायला निघत होत्या. गाडी मिलच्या दारात उभी, त्या स्टिअरिंगवर, कुबडी मागच्या सीटवर आडवी. गाडी घरी येऊन आठवडा झाला होता आणि अप्पा त्या दिवसापासून तिच्याजवळ आले नव्हते, असं अक्कांनी मला हळूच सांगितलं. "बोलतात. जेवतात. गाडीचं नाव काढत न्हाईत."

मी कागद देऊन निघणार तेवढ्यात ओसरीवरून अप्पा उतरले. धोतर सावरत, एक हात पुढं धरून ते आले. बॉनेट लागलं तसा हात त्यावरून फिरवत कडेकडेनं पुढच्या डाव्या दारापर्यंत आले. कडी सापडायला वेळ लागला. मी पुढं झालो, तर अक्कांनी आतून डोळ्यांनीच मला थांबवलं. कडी सापडली. अप्पा वाकून आत बसले, दार ओढून घेतलं, ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा ओढलं.

गाडी घेतलेल्या घरचं थोरलं माणूस पहिल्यांदा गाडीत बसलं, की त्या फेरीला विकणाऱ्यानं सोबत जायचं असा आमच्याकडं रिवाज होता. मी मागचं दार उघडलं.

"तुमी नको," अप्पा म्हणाले. "आज आमी दोघंच."

मी दार लावलं. अप्पांनी हात चाचपत अक्कांच्या खांद्यापर्यंत नेला, तो तिथं क्षणभर राहिला, मग आपल्या मांडीवर आला. ते कानडीत एकच शब्द म्हणाले, "नडी."

नडी म्हणजे चल. निघूया असं म्हणायलाही तोच शब्द, आणि पहिली पावलं टाकणाऱ्या लेकरालाही तोच.

गाडी निघाली. वळणापर्यंत मी नजरेनं पाहिली, पुढं कानानं. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, कुठंही हिसका नाही. मग रस्ता शांत झाला. जिल्ह्यात मोटारी विकणारा मी चालत स्टँडवर गेलो आणि सोलापूरच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो. एसटी उशिरा आली. मला त्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नाही.